पेशंट पुढे बसेल

आमचे घरमालक चहा मागवायचे आणि गार करायचे. टपरी कुठलीही असो, गिरणाऱ्याची, पेठ रोडची नाहीतर सटाण्याच्या अलीकडची. गाडीतल्या सगळ्यांसाठी चहा सांगायचा, त्यात स्वतःसाठी एक सांगायचा, तो समोर ठेवायचा आणि वर साय धरेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचं. मग उठून तो झाडाच्या बुंध्याशी ओतायचा आणि "चला" म्हणायचं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, माशी पडली असेल. दुसऱ्या खेपेला तो विचारायचा. तिसऱ्या खेपेला कोणी विचारत नसे, कारण दुसऱ्या खेपेला उत्तर मिळालेलं नसे.

नव्वदीच्या सुरुवातीला आई आणि मी त्यांच्याकडे जेल रोडला मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आलो. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. म्हणून ते मला नावाने हाक न मारता "लॅब" म्हणायचे आणि वर अहो-जाहो करायचे. "काय लॅब, आज किती जणांना टोचलंत?" अहो-जाहो ते सगळ्यांनाच करायचे. दारात म्हैस आडवी उभी राहिली तर तिलाही "बाई, जरा सरकता का" म्हणायचे, आणि ती सरकेपर्यंत गाडीत शांत बसून राहायचे. हॉर्न वाजवत नसत. मी त्यांना काका म्हणायची.

काकांचा जन्म एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर गेला. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी ॲम्बॅसिडर घेतली आणि त्यानंतर गाडी चालवायला शिकले. लोक आधी शिकतात, मग घेतात. आणि त्या गाडीतून ते आजारी माणसांना देवाकडे न्यायला लागले.

देवाकडे म्हणजे कुठेही. हरसूलकडचा भगत, सिन्नरच्या पलीकडचा दर्गा, नाशिकरोडला रविवारी प्रार्थना करून डोक्यावर हात ठेवणारे एक ब्रदर, कावीळ उतरवणारी एक म्हातारी, अंगात येणारी एक शाळेतली शिक्षिका. त्यांना कशाचं वावडं नव्हतं. पेशंटच्या घरचे जिथे म्हणतील तिथे. पैसे घेत नसत, आणि घ्या घ्या म्हणून कोणी मागे लागलं तर त्याला उतरवून देतील की काय असं तोंड करत.

मला या सगळ्याचा राग यायचा, खोटं कशाला सांगू. दिवसभर मी लोकांची साखर, हिमोग्लोबिन आणि कावीळ बघायची आणि संध्याकाळी घरी आले की दारात तीच माणसं फुलांच्या पुड्या घेऊन गाडीची वाट बघत उभी. एकदा मी त्यांना स्पष्टच म्हटलं, "काका, तुम्ही लोकांना फसवायला मदत करताय." त्यांना राग आला नाही. म्हणाले, "बॉयलर बंद पडला की आम्ही सगळेच हात लावायचो. इंजिनियर लावायचा, फिटर लावायचा, मी लावायचो. कुणाच्या हाताने चालू झाला ते कुणाला कळायचं नाही. चालू झाला की सगळे आपापले जेवायला जायचे." एवढं बोलून ते टायर बघायला लागले.

पण त्यांचे नियम होते आणि ते लोखंडी होते. पहिला नियम, पेशंट पुढे बसेल. नातेवाईक मागे. पेशंट म्हातारा असो, पोर असो, नवी नवरी असो, त्याने पुढच्या सीटवर ऐसपैस बसून काचेतून रस्ता बघायचा. दुसरा, डॉक्टरची गोळी घेतल्याशिवाय गाडीचं दार उघडत नसे. "गोळी घेतली? मग बसा." तिसरा, फाईल बरोबर पाहिजे. रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, सोनोग्राफी, सगळं. कोणी म्हटलं, अहो काका, देवाला फाईल कशाला, तर म्हणायचे, "त्याला वाचता येतं." आणि खरंच तिथे गेल्यावर ते भगताच्या पुढ्यात एक्स-रे उन्हाकडे धरायचे. भगतही नीट बघायचा आणि मान हलवायचा. चौथा नियम, पहिल्या चहापर्यंत गाडीत आजाराचा विषय काढायचा नाही.

सगळे बरे झाले असं मुळीच नाही. आमच्या गल्लीत एक शिंपी होता, घशाचा कॅन्सर. त्याला काकांनी चार दिशांना नेलं आणि तो जायचा तेव्हा गेला. दहाव्याला त्याची बायको माझ्या आईला म्हणाली, "आख्ख्या जन्मात पुढच्या सीटवर कधी बसला नव्हता हो. लग्नातसुद्धा मागेच." मी ते ऐकलं आणि कामाला निघून गेले. पण दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना.

मग आमच्याच घरी वेळ आली. आईला नागीण झाली, कमरेला पट्ट्यासारखी. मी डॉक्टर आणला, गोळ्या सुरू केल्या. आई नांदगावची, तिच्या दृष्टीने नागीण गोळ्यांनी जात नाही, ती कोणीतरी गेरूने रेघ मारून अडवावी लागते. दोन्ही टोकं जुळली की माणूस संपला, हे तिच्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं की ती रात्रंदिवस कमरेला हात लावून टोकं चाचपत बसायची. मी समजावून थकले. शेवटी काका दारात येऊन म्हणाले, "लॅब, तुम्ही मागे बसा."

दिंडोरी रोडच्या आत एका वस्तीवर एक माणूस होता. त्याने फाईल पाहिली, गेरूची रेघ मारली, काहीतरी पुटपुटला आणि म्हणाला, "थांबली." आई त्या दिवशी पहिल्यांदा पाठ टेकून झोपली. गोळ्यांचाही तो पाचवा-सहावा दिवस होता, हे मी सांगितलं नाही. सांगून काय उपयोग होता.

त्या खेपेला मी काकांचं आणखी एक काम पाहिलं. सगळं उरकल्यावर त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक छोटा फोटो काढला आणि त्या माणसाला विचारलं, "या बाई कधी इथे आल्या होत्या का? नवस बोलल्या होत्या का?" माणूस म्हणाला, "आल्या असतील." काकांनी विचारलं, "नारळ कुठल्या हाताने ठेवला?" तो म्हणाला, "उजव्याच की." काकांनी फोटो परत खिशात घातला. "चला," म्हणाले.

मला काही कळलं नाही. पण आईला गप्प बसवत नाही. नागीण सुकल्यावर ती एके दिवशी ओट्यावर मटार सोलत बसली, काकांपुढेही एक ताट सरकवलं आणि मटार संपेपर्यंत त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं.

फोटो त्यांच्या बायकोचा. काकूंना चहाचं भयंकर वेड होतं. तोंड धुवायच्या आधी एक, धुतल्यावर एक, पुढचे तर विचारायलाच नको. नोकरीत असताना काकांना कावीळ झाली आणि ती बिघडली. डॉक्टरांनी घरच्यांना बाजूला घेऊन जे सांगायचं असतं ते सांगितलं. त्या दिवसापासून काकूंनी चहा सोडला. काका बरे झाले, परत शिफ्टला जायला लागले, तरी काकू चहाला शिवेनात. विचारलं तर हसून म्हणायच्या, "आधी जाऊन येऊ. मग घेईन." कुठे जायचं ते सांगितलं नाही. फेडायच्या आधी नवस बोलून दाखवायचा नसतो असं त्यांच्या माहेरी मानत. काका म्हणाले, पुढच्या सुट्टीला जाऊ. पुढच्या सुट्टीला ओव्हरटाइम निघाला. त्याच्या पुढची सुट्टी यायच्या आधी काकू नळावर पाणी भरता भरता पडल्या आणि गेल्या.

"आता मी जिवंत फिरतोय," काका आईला म्हणाले, "आणि ती माझ्यासाठी चहाविना गेली. कुठल्या देवाच्या दारात नवस अडकून पडलाय ते कळत नाही. तिची शिफ्ट संपली, चार्ज माझ्याकडे आला. फेडेपर्यंत मी चहा घेणार नाही."

"मग मागवता कशाला?" आईने विचारलं.

"सोडायला समोर तर पाहिजे."

आजाऱ्यांना घेऊन का फिरता, हेही आईने विचारलंच. त्यांचं उत्तर मला पटण्यासारखं वाटलं. धडधाकट माणसाला चार-पाच देव ठाऊक असतात, आजाऱ्याच्या घरच्यांना जिल्ह्यातले सगळे. त्यांच्या मागे मागे गेलं तर एक दिवस काकूंची जागा लागेल. काकू डावखुऱ्या होत्या. नारळसुद्धा त्या डाव्याच हाताने ठेवायच्या, त्यावरून सासूची बोलणीही खायच्या. त्यामुळे फोटो पाहून "हो हो, आल्या होत्या" म्हणणारा पुजारी, बाबा किंवा मुजावर त्या एका प्रश्नावर अडकायचा. सगळ्यांचं उत्तर "उजव्या."

एकदा आम्ही सटाण्याला काकूंच्या धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. तिने हा चहाचा विषय ऐकला आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. "दाजी, कसाना नवस? तिले पित्तना तरास व्हता. डाक्टरनी चहा बंद करा सांगेल व्हतं. मालेच सांगेल तिनी."

मी काकांकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. इतक्या वर्षांचं फिरणं एका पित्तावर आलं. एकीकडे हसू येत होतं आणि दुसरीकडे इतकं वाईट वाटत होतं की मी उठून पाणी प्यायला आत गेले. परत आले तर काका निवांत पापड खात होते. गाडीत बसल्यावर म्हणाले, "बहिणीला कोण सांगतं नवस? पित्त म्हणूनच सांगणार." आणि पुढच्या टपरीवर थांबून त्यांनी चहा मागवला आणि गार केला. त्यानंतर हा विषय मी काढला नाही. ज्याला शोधायचंच आहे त्याला, तिथे काही नाही, हे कोणी दाखवू शकत नाही.

हरसूलच्या रस्त्यावर, घाट सुरू व्हायच्या आधी, एका बाईची टपरी होती. कुडाच्या भिंती, वर पत्रा, बाहेर दोन बाकं. भगत सगळे त्या बाजूला, त्यामुळे काकांची तिथे सारखी फेरी असायची. बाई तिथल्याच पाड्यावरची, काळीसावळी, कपाळावर गोंदलेलं, बोलायला कमी. सुरुवातीला ती काकांपुढे चहा ठेवून बघत उभी राहायची. पुढे पुढे ठेवायची आणि पाठ फिरवायची. काका चहा झाडाशी ओतायचे तेव्हा ती भांडी जरा जोरात आपटायची. मला वाटायचं, साखर-दूध फुकट जातं म्हणून असेल. काकांच्या ते लक्षातही येत नसे. त्यांचं लक्ष चहात.

दरम्यान मी त्यांच्याकडून गाडी शिकले. शिकवायची पद्धत अशी की ते शेजारी बसून डोळे मिटायचे. "भीती वाटली तर सांगा, मी उघडतो."

मग ते पुन्हा आजारी पडले. लिव्हर जुनं दुखावलेलंच होतं. पाय सुजले, पोटात पाणी झालं. त्यांचं रक्त आमच्याच लॅबमध्ये आलं. नळी मशीनमध्ये फिरवून काढली आणि वर जे पाणी राहतं ते हळदीसारखं पिवळं. आजवर कित्येकांचं तसलं पाहिलं होतं, पण त्या दिवशी मला स्टुलावर बसावं लागलं. मी घाबरले होते. 

दवाखान्यात त्यांच्याकडे जत्राच भरली. ज्यांना ज्यांना त्यांनी नेलं होतं ते सगळे आले. कोणी अंगारा, कोणी ताईत, कोणी दर्ग्याचा धागा, कोणी बाटलीतलं पाणी. काकांचं मनगट दिसेनासं झालं. नर्सला सलाईन लावायला जागा मिळेना. ते प्रत्येकाला विचारायचे, "फाईल दाखवलीत का त्यांना?" पण कोणी म्हटलं, चला आम्ही नेतो तुम्हाला अमक्या ठिकाणी, तर मान हलवायचे. "मी पेशंट नाही. ड्रायव्हर आहे."

मला मात्र एकदा, आसपास कोणी नसताना, म्हणाले, "लॅब, जागा काही सापडली नाही. तशीच राहणार बहुतेक." त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदाच भीती ऐकली. मरणाची नसावी. मी काहीतरी बोलायला हवं होतं, पण मला फक्त रिपोर्टांचं बोलता येतं. मी म्हटलं, बिलिरुबिन उतरतंय. आणि ते खरंच उतरत होतं.

महिना-दीड महिन्याने घरी सोडलं. अंगाची काडी झाली होती. डोळ्यांत पिवळेपणा थोडा उरला होता. आठवडाभर ओट्यावर बसले आणि मग म्हणाले, गाडीची बॅटरी उतरेल, एक चक्कर मारून आणा, हरसूलच्या रस्त्याने. आई म्हणाली, मीही येते. काका सवयीने स्टिअरिंगच्या बाजूला गेले, तिथे मला पाहून मागचं दार उघडायला लागले. आईने त्यांना अडवलं.

"गोळी घेतली?"

"घेतली."

"मग पुढे बसा."

ते पुढे बसले. गिरणारे येईपर्यंत काचेतून रस्ता बघत राहिले. मग म्हणाले, "इथून वेगळंच दिसतं."

घाटाखालच्या टपरीवर मी गाडी थांबवली. बाई बाहेर आली, काकांना पाहून जागच्या जागी थांबली. मी तीन चहा सांगितले. तिने दोन आणले, माझा आणि आईचा. काकांपुढे काही ठेवलं नाही. तशीच उभी राहिली.

"यांचा?" आईने विचारलं.

"बाबांना इचारा आदी," ती म्हणाली. "पिनार का वतनार?"

काका गोंधळले. त्यांना असं कोणी कधी विचारलं नव्हतं. बाई मग बोलायला लागली, आणि ती एवढं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं.

"मला वाटायचं, आमच्या हातचा चालत नसंल. शहरातली मानसं तुमी. पर बाकीच्यांना पाजता, सोता तेवढा वतता. वतायचाच तर सांगता कशाला? मला लय लागायचं बाबा. घरी जाऊन रडले बी हाय. मंग तुमी येईनाच. जीपवाल्यानं सांगितलं, बाबा दवाखान्यात हाय, डोळं पिवळं झालंत, वाचायचं नाय. मंग माझा राग गेला. वरच्या वळनावर देवी हाय, तिला बोलले. म्हनलं, बाबा बरा होऊन येऊं दे न् एकदा माझ्या हातचा च्या पिऊं दे, नारळ फोडीन."

तिने पदर सारखा केला. "तवापासून मी बी च्या घेतला नाय. करते, पर पीत नाय."

आईने कप खाली ठेवला. काकांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना, तरी मी पाहिलं. ओठ हलत होते. मग त्यांच्या तोंडून त्यांचा जुना प्रश्न आला, सवयीनेच आला असावा.

"नारळ कुठल्या हाताने ठेवलात?"

"ठेवला कुठं? आजून दुकानातच हाय. नुस्ती बोलले," बाई म्हणाली.

काका हसले. दुखण्यानंतर पहिल्यांदाच. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, काकूंचं, चहाचं, "जाऊन येऊ"चं. तुमच्या हातचा म्हणून नाही, मी कुणाच्याच हातचा घेत नाही, हे दोनदा सांगितलं. माझं चुकलं, तुम्हाला असं वाटेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही, असंही म्हणाले. बाई खांबाला टेकून ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "मंग राहू द्या बाबा. बायकोचा मोडू नका."

"तेच बघतोय," काका म्हणाले. "मी प्यायलो तर तिचा मोडतो. नाही प्यायलो तर तुमचा राहतो."

घाटातून एक एसटी उतरली आणि निघून गेली.   काका आपल्या मनगटावरचे धागे चाळवत होते.

"राहिलेला नवस काय असतो ते मला माहीत आहे," ते अखेर म्हणाले. "आणा."

बाईने आणला. कपबशी विसळून आणली आणि काकांपुढे ठेवली. काकांनी थोडा बशीत ओतला. बशी दोन्ही हातांनी उचलली. मी धरायला पुढे होणार होते, पण आईने माझा हात धरला. ते प्यायले. बशी संपवली, मग कपातला उरलेला तसाच प्यायले. तोंड पुसलं.

"साखर जास्त घालता," म्हणाले.

"इतकी वर्षं सांगितलं नाय तुमी," बाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"आता तुम्ही घ्या."

"नाय. आदी नारळ. मंग."

 काका बाकाला धरून उठले. "बरोबर आहे. आधी जाऊन येऊ." आणि म्हटल्यावर आपण काय म्हटलं ते त्यांना ऐकू आलं असावं, कारण गाडीच्या दाराला हात लावून ते नुसतेच उभे राहिले.

बाईने चुलीवरचं पातेलं झाकलं, आतून नारळ आणला आणि मागच्या दाराकडे वळली. काकांनी तिला थांबवलं. पुढचं दार उघडून धरलं. "बसा," म्हणाले, आणि स्वतः मागे आईशेजारी जाऊन बसले.

बाई अवघडून बसली, दोन्ही पाय जवळ घेऊन. नारळ तिने मांडीवर उजव्याच हातात घट्ट धरला होता. आरशात मला दिसलं की काकांनी तो पाहिला.  मी गाडी पहिल्यात टाकली.